पवना धरणाच्या काठावरचे व्हिला आणि गावाचं अर्थकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवनमावळात धरणाच्या कडेनं मोठमोठे व्हिला उभे राहिले आणि त्याबरोबर प्रश्नही वाढले. काही गावातून येतात, काही पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या मुलांकडून, तर काही इथे घर घेऊ पाहणाऱ्यांकडून. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. हिशोबाची उदाहरणं समजण्यापुरती आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून ती पुन्हा मांडून पाहावीत.

१. पवनेच्या काठालाच इतके व्हिला का झाले?

धरण १९७२ साली पूर्ण झालं. सुमारे साडेआठ टीएमसीचा साठा, भोवती तिकोना, तुंग, लोहगड आणि विसापूर. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि दोन्ही शहरांतून शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्रीच्या जेवणाला इथे पोचता येऊ लागलं. लोणावळ्यात जागा आणि शांतता दोन्ही कमी होत गेल्या, तसे लोक पुढे सरकले.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. धरणात गेली ती नदीकाठची भाताची खाचरं. वर उरली ती वरकस: नाचणी, वरई, नाहीतर नुसतं गवत. वाटणीत वरकस ज्याच्या वाट्याला यायची, त्याची लोक कीव करायचे. आता तिथूनच पाणी दिसतं, म्हणून सगळ्यात जास्त भाव तिलाच आहे. हा भाव मातीच्या कसाचा नाही, तिथून दिसणाऱ्या पाण्याचा आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. व्हिलांमुळे गावात पैसा येतो, हे तर खरं ना?

येतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त तो दोन टप्प्यांत येतो आणि दोन्ही टप्प्यांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला टप्पा बांधकामाचा, वर्ष-दीड वर्षाचा. जेसीबी, डंपर, ट्रॅक्टर, खडी, क्रश सँड, मजुरांची खोली, चहा-नाश्ता. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी याच कामावर पहिला जेसीबी कर्जानं घेतला आणि फेडलाही. टाइल्स, फिटिंग, फर्निचर मात्र पुण्याहून किंवा मुंबईहून येतं आणि बिलही तिकडेच होतं.

दुसरा टप्पा घर चालू झाल्यानंतरचा. केअरटेकर, साफसफाई, स्वयंपाक, दूध, किराणा, कोंबडी, बागकाम. यात रक्कम लहान, पण ती दर महिन्याला येते. गावाचं खरं भलं या दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून असतं आणि आपण चर्चा करतो ती बहुतेक वेळा पहिल्याची. एका गावात नवीन बांधकामं थांबली की जेसीबी उभे राहतात आणि हप्ते मात्र चालूच राहतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक सांगावा लागत नाही.

३. शनिवारी रात्री पाहुणा व्हिलाचे पंचवीस हजार देतो. त्यातले गावात किती राहतात?

उदाहरण मांडू. भाडं २५,००० रुपये. बुकिंग करून देणाऱ्याचं कमिशन १५ टक्के धरलं तर ३,७५० गेले. केअरटेकरला महिना १२,००० पगार असेल आणि महिन्याला चारच वीकेंड घर लागत असेल, तर एका वीकेंडच्या वाट्याला ३,००० आले. साफसफाईला दोन बायका, प्रत्येकी ५००, म्हणजे १,०००. वीज, गॅस, पूलचं औषध मिळून २,५००. उरलेले १४,७५० मालकाच्या शहरातल्या खात्यात.

केअरटेकर गावातला असेल तर गावात ४,००० राहिले. बाहेरचा असेल तर १,०००, अधिक तो इथल्या दुकानात जे खर्च करील ते.

आता जेवणाकडे बघा. बारा पाहुणे, माणशी हजार रुपये धरले तर १२,००० होतात. गावातल्या बाईनं चुलीवरची भाकरी, पिठलं, गावठी कोंबडीचा रस्सा करून दिला, तर किराणा, कोंबडी, मजुरी आणि नफा, यातलं बरंचसं गावातच फिरतं. पाहुण्यांनी गाडीच्या डिकीत मॉलमधून सगळं भरून आणलं, तर यातला एक रुपयाही इथे पडत नाही. घराच्या भाड्यापेक्षा ताटातला पैसा गावाच्या जास्त कामाचा आहे. म्हणून कुणी मला ‘आम्ही काय करावं’ विचारलं की मी पहिल्यांदा जेवणाचं बोलतो. व्हिलावाल्याला भेटा, दर ठरवा, चार घरच्या बायकांनी मिळून काम घ्या आणि पैसे त्या दिवशीच्या त्या दिवशी घ्या.

४. एवढा कोट्यवधीचा बंगला, मग ग्रामपंचायतीला घरपट्टीही तशीच मोठी मिळत असेल?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ग्रामपंचायतीची घरपट्टी १९६० च्या कर व फी नियमांप्रमाणे बसते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर काढतात: जमिनीचा दर, बांधकामाचा दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर. हे मूल्य काढलं की त्यावर कर लागतो तो हजार रुपयांमागे पैशांच्या हिशोबात.

समजा एका व्हिलाचं भांडवली मूल्य १ कोटी निघालं आणि दर हजारी १ रुपया धरला. वर्षाची घरपट्टी १०,००० रुपये. मागच्या उत्तरातल्या एका रात्रीच्या भाड्याच्या निम्मीसुद्धा नाही. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी हे कर वेगळे, पण तेही किरकोळच.

त्यातही घर वहीत जसं लिहिलंय तसाच कर बसतो. नमुना ८ चा, म्हणजे करआकारणीच्या वहीचा, उतारा काढून पाहा. जागेवर दोन मजली आरसीसी, पूल आणि सहा खोल्या, अन् वहीत पाच वर्षांपूर्वीची ‘पत्र्याची शेड’ असं बऱ्याचदा दिसतं. करआकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी करायची असते. ती कागदावर न करता घरोघर टेप लावून केली, तर नवा कर न लावताच पंचायतीचं उत्पन्न वाढतं. ग्रामसभेत मागायची पहिली गोष्ट कुठली, असं विचाराल तर ही. निवासी की व्यावसायिक, हा मुद्दा प्रश्न १३ मध्ये आहे.

५. घरपट्टी सोडून बाकीचे कर? मुद्रांक शुल्क, बांधकाम परवानगी, जीएसटी?

खरेदीखताच्या वेळी जिल्हा परिषदेचा म्हणून एक टक्का अधिभार लागतो आणि त्यातला वाटा अनुदान म्हणून ग्रामपंचायतीकडे येतो. ज्या वर्षी गावात खरेदीखतं जास्त, त्या हिशोबानं हे अनुदान बरं असतं. पण ते विक्रीवर आहे, वापरावर नाही. जमीन एकदा विकून झाली की हा झराही आटतो.

मावळ पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे. बांधकाम परवानगीचं विकास शुल्क तिकडे भरलं जातं, पंचायतीकडे नाही. जीएसटी केंद्र आणि राज्याचा. मालकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि रात्रीचं भाडं खोलीमागे ७,५०० च्या वर असेल तर १८ टक्के दर लागतो. म्हणजे रस्ता खराब होतो आपला, कचरा पडतो आपल्या ओढ्यात, आणि रकमेचा मोठा कर जमा होतो मुंबई-दिल्लीत.

६. मग सरकारी निधी तरी वाढतो का? गर्दी तर वाढली आहे.

नाही वाढत. पंधराव्या वित्त आयोगानं (२०२०-२६) निधी लोकसंख्या आणि क्षेत्रफळावर बसवला, आणि ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. सहाशे वस्तीच्या वाडीत शनिवारी पंधराशे माणसं उतरली तरी निधी सहाशेंचाच. घंटागाडी, डास फवारणी, दिवाबत्ती, रस्त्यावरचा खड्डा, सगळं या सहाशेंच्या पैशात भागवायचं. व्हिलाच्या मालकाचं मत शहरात, त्यामुळे तो ग्रामसभेला येत नाही. गावाला तो आपला वाटत नाही आणि त्याला गाव.

७. केअरटेकर बाहेरचेच का ठेवतात? आमच्या पोरांना काम का नाही?

दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. मालक म्हणतात, गावातला माणूस लग्न, जत्रा, भातलावणी आली की सुट्टी घेतो, आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते. बाहेरून आलेलं जोडपं आवारातच राहतं, रात्री-अपरात्री हाक मारली की येतं. पोरं म्हणतात, बारा हजारांत चोवीस तास बांधून घ्यायचं आणि पाहुण्याची शिवी खायची, त्यापेक्षा तळेगाव-चाकणची कंपनी बरी. तिथे निदान पाळी संपली की घर. मला पोरांचं म्हणणं पटतं.

ज्या कामांत गावाला खरोखर फायदा आहे ती केअरटेकरची नाहीत. पूलची देखभाल, इन्व्हर्टर-सोलर-पंप दुरुस्ती, इलेक्ट्रिक काम, चादरी-टॉवेलांची धुलाई, बाग. एक मुलगा आयटीआय करून आला आणि पंधरा व्हिलांच्या पंप-मोटारींचं वार्षिक काम घेतलं, तर तो कुणाचा नोकर राहत नाही. धुलाईचं तर विशेष सांगतो. दर सोमवारी चादरींचे गठ्ठे टेम्पोनं शहराकडे जाताना दिसतात. एका बचतगटानं दोन मोठी मशीनं घेतली तर हे काम गावात राहू शकतं. त्यात पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशोब मात्र आधी करावा, प्रश्न १० पाहा.

८. जमिनीला सोन्याचा भाव आला. विकणाऱ्याचं तर कल्याण झालं ना?

काहींचं झालं. कर्ज फिटलं, मुलगी शिकली, पक्कं घर झालं. पण मला येणारे सगळ्यात जड प्रश्न याच विषयावरचे असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट भावाची. शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव आणि शेवटच्या खरेदीदारानं मोजलेला भाव यांत दोन-तीन हात असतात. विसार देऊन साठेखत करून ठेवायचं, रस्ता काढायचा, एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे, मग गुंठ्यानं विकायचं. एकरानं विकलेली जमीन गुंठ्यानं विकली गेली की मधला फरक गावाबाहेर जातो. विकायचंच असेल तर आपण तीन-चार भाऊबंदांनी मिळून रस्ता आणि एनए स्वतः करून घ्यावं. वेळ जातो, खर्च येतो, पण फरक आपल्या हातात राहतो.

दुसरी गोष्ट बहिणींची. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भाव आल्यावर ‘हक्कसोडपत्रावर सही कर, साडीचोळी करू’ म्हणत दिवाळीला बोलावणी जातात. सही केल्यावर व्यवहार किती कोटींचा झाला हे कळलं आणि माहेर कायमचं तुटलं, अशा कहाण्या जवळजवळ प्रत्येक वाडीत आहेत. ताईंनो, हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय आणि आकडा विचारल्याशिवाय सही करू नका. आणि दादांनो, वाटा देऊन विकलेली जमीन पुढे कोर्टात अडकत नाही, तुमच्याही फायद्याचं तेच आहे.

तिसरी गोष्ट शेवटच्या गुंठ्याची. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. सगळीच जमीन विकून टाकली की सातबाऱ्यावरचं नाव जातं, आणि मग दौंड-शिरूरकडे स्वस्तात शेती घेऊ हा बेत कायद्यातच अडतो. त्यामुळे विकताना थोडी तरी जमीन प्रत्येकाच्या नावावर राहू द्या.

राहिलं भाताचं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ पुण्याच्या बाजारात नाव राखून आहे. शेजारच्या तिन्ही बाजूंना कुंपणं आणि मुरमाचे भराव झाले की मधल्या खाचरात पाणी एकतर येत नाही, नाहीतर निघत नाही. जमीन न विकणाऱ्याचाही तोटा होतो, आणि त्याची भरपाई कुठल्याच खरेदीखतात नसते.

९. विकायची नाही, पण पैसाही हवा. काय मार्ग?

भाडेपट्टा. जमीन आपल्या नावावर ठेवून ठराविक वर्षांसाठी द्यायची, भाडं दर वर्षी वाढेल असं लिहून घ्यायचं आणि मुदतीनंतर बांधकामाचं काय हे पहिल्याच पानावर ठरवायचं. नोंदणी केल्याशिवाय देऊ नका. नोटरीच्या कागदावरचे करार पुढे रडवतात.

दुसरा मार्ग स्वतः करण्याचा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतो. चार साध्या, स्वच्छ खोल्या, घरचं जेवण, भातलावणी दाखवणं. व्हिलाइतकं भाडं मिळणार नाही, पण मिळेल ते जवळजवळ सगळं घरात राहील. प्रश्न ३ मधला हिशोब मालक स्वतःच गावात असेल असं धरून पुन्हा मांडा, फरक दिसेल.

कुलमुखत्यारपत्र मात्र कुणालाही देऊ नका. मामा सांगो, मेहुणा सांगो.

१०. समोर एवढं धरण असताना पाण्याची चिंता कशाला?

कारण धरण गावाचं नाही. हे पाणी नदीत सोडलं जातं, खाली रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडला जातं. धरणातून पंपानं पाणी घ्यायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. म्हणून व्हिलांची मदार बोअरवेल आणि टँकरवर. खडकात पाणी साठतं थोडंच. वर डोंगरात तीन-चारशे फुटांची बोअर पडली की खालच्या विहिरीला मार्चमध्येच तळ दिसतो.

एका पूलचा हिशोब. ३० फूट लांब, १५ फूट रुंद, ४ फूट खोल, म्हणजे १,८०० घनफूट, सुमारे ५१,००० लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. एकदा पूल भरला की त्या कुटुंबाचं सहा महिन्यांचं पाणी गेलं. पूल रोज भरत नाहीत आणि चांगली फिल्टर यंत्रणा असेल तर पाणी बरेच महिने चालतं, हे खरं. पण मेमध्ये टँकरचा भाव कोण ठरवतो? जो जास्त मोजतो तो. त्या महिन्यात वाडीतल्या बाईला तोच भाव परवडत नाही.

सांडपाण्याचं याहून वाईट. सेप्टिक टँक छोटा बांधायचा, शोषखड्डा उताराला काढायचा, पाऊस पडला की सगळं धरणात. खालचं अख्खं शहर हे पाणी पितं. पाहुणे स्वच्छ पाण्यासाठी येतात, म्हणजे ते घाण झालं की व्हिलाचा भावही पडणार. एवढं स्वतःच्या फायद्यापुरतं तरी मालकांनी ध्यानात घ्यावं आणि टाकी मोठी बांधून वेळच्या वेळी उपसून घ्यावी.

११. तंबूवाले बरे होते की व्हिलावाले?

अर्थकारणापुरतं बोलायचं तर तंबू. काठावर कॅम्पिंग सुरू झालं तेव्हा भांडवल थोडं लागायचं. वीस तंबू, एक शेड, चार शौचालयं, बार्बेक्यूची शेगडी. गावातला मुलगा स्वतः मालक होऊ शकायचा आणि बरेच झाले. व्हिलाला कोटीच्या घरात पैसा लागतो, त्यामुळे मालक बाहेरचा आणि आपण कामाला.

तंबूंनी गोंगाट केला, कचरा केला, काही तर जलसंपदाच्या जागेतच बसले. ते सगळं कबूल. तरी त्या धंद्यानं इथल्या पोरांना हिशोब ठेवायला, पाहुण्याशी बोलायला आणि ऑनलाइन बुकिंग घ्यायला शिकवलं. ते शिकलेले मुलगे आज भाड्यानं व्हिला चालवतायत, मालकाला ठराविक रक्कम देऊन वरचा नफा स्वतः ठेवतात. मला या वाटेत पुष्कळ आशा वाटते.

१२. गावातल्यांनाच घर भाड्यानं मिळत नाही, असं का?

शिक्षिका, आरोग्य उपकेंद्रातली नर्स, कंपनीतला तरुण यांना दोन खोल्या लागतात. पण गावठाणातल्या दोन खोल्या रंगवून वीकेंडला दिल्या, तर महिन्याच्या भाड्याइतके पैसे दोन-तीन रात्रींत सुटतात. मग महिन्यानं कोण देईल? शिक्षिका कामशेत किंवा तळेगावहून ये-जा करते, पावसात एसटी नाही आली की वर्ग बसून राहतो. हा तोटा पैशात दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. ग्रामपंचायतीनं किंवा शाळा व्यवस्थापन समितीनं दोन-चार घरं वर्षभरासाठी धरून ठेवली तरी पुष्कळ होईल.

१३. मालक म्हणतो, ‘आमचं घरगुती फार्महाऊस आहे, आम्हीच येतो.’ पण ऑनलाइन तर भाड्यानं दिसतं. व्यावसायिक घरपट्टी लावता येईल का?

वापर बदलला की आकारणी बदलते. व्यावसायिक वापराला भारांक (आकारणीतला गुणक) निवासीपेक्षा जास्त असतो. पुरावा मात्र पंचायतीनं गोळा करायला हवा: जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट, दराची पाटी, जागेवर जाऊन केलेला पंचनामा. मग नोटीस, हरकतीला मुदत, सुनावणी आणि शेवटी नोंद. घाईनं रजिस्टरमध्ये आकडा बदलला तर अपिलात टिकत नाही.

एक पोटप्रश्न नेहमी येतो: मालक वर्षातून दोन-तीनदाच ओळखीच्यांना देतो, तर? माझं मत, तिथे वाद घालू नये. ज्या घराची जाहिरात बारमाही चालू आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी.

१४. बांधकाम बेकायदा आहे, पण घरपट्टी भरतो. मग ते कायदेशीर झालं का?

नाही. कर आकारणी म्हणजे परवानगी नव्हे. नमुना ८ वर नाव लागलं म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं एजंट सांगतात आणि शहरातला माणूस फसतो. घेणाऱ्यानं हे पाहावं: एनए आदेश, पीएमआरडीएची परवानगी आणि मंजूर नकाशा, सातबाऱ्यावरचे इतर हक्क, जलसंपदाची पूररेषा. एका सातबाऱ्यावर पंधरा जणांची सामाईक नावं दिसली तर तुकडेबंदीची अडचण असू शकते हे समजावं.

आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर आणखी सांभाळून. महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला देता येत नाही. मावळात ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या आहेत. त्यांच्या जमिनीवर दुसऱ्याच्या नावानं कुंपण दिसलं, तर गप्प बसू नका.

१५. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात गाव आलं तर व्हिला बंद होतील का?

केंद्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात मावळ-मुळशीतली गावं आहेत. पण त्यातली बांधकामाची बंदी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना आहे. सुटा व्हिला त्यात येत नाही, गावातलं घर तर नाहीच. ‘आता घरही बांधता येणार नाही, आत्ताच विका’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

१६. लवासासारखं एकदम मोठं शहरच वसवलं असतं तर बरं नव्हतं का?

वरसगावच्या जलाशयाकाठी मोसे खोऱ्यात तेच करून पाहिलं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं, पुढच्या वर्षी अटींसह मंजुरी मिळाली, पण कर्जाचं ओझं वाढत गेलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घर घेतलेले अडकले, जमीन दिलेले अडकले आणि त्या भरवशावर टपरी टाकलेलेही. सगळं खोरं एका कंपनीच्या ताळेबंदाला बांधलं की असं होतं. पवनेला शंभर मालक आहेत, शिस्त लावायला तेवढंच कठीण. पण एक बुडाला तर सगळं गाव बुडत नाही.

१७. दुसरीकडे लोक यावर काय करतात?

स्वित्झर्लंडमध्ये डोंगर-तळ्यांकाठच्या गावांचा हाच प्रश्न होता. २०१२ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीतली दुसरी घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. बहुमत अगदी काठावरचं, साडेपन्नास टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत टाहो तळ्याकाठच्या साउथ लेक टाहो शहरात वर्षाचा बराच काळ रिकाम्या राहणाऱ्या घरांवर कर लावायचा प्रस्ताव होता. २०२४ मध्ये मतदारांनी तो फेटाळला. आपल्याकडे हिमाचलच्या कुळकायद्याचं कलम ११८ बाहेरच्यांच्या जमीनखरेदीला परवानगीची अट घालतं.

मला स्वित्झर्लंडचा मार्ग पटतो, कारण तो गाव हेच माप धरतो. पण आपल्या पंचायतीला तसा अधिकार आज नाही. अधिकार आहेत ते प्रश्न ४ आणि १३ मधले. ते आधी पूर्ण वापरू.

१८. मालक पाच वर्षं घरपट्टीच भरत नाही. बंगल्याला कुलूप, फोन उचलत नाही. पंचायत काय करू शकते?

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२९ वापरायचं. आधी मागणीचं बिल, मग मागणीची नोटीस, तरी भरलं नाही तर जप्ती. बिल खरेदीखतावरच्या शहरातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवा, दारावर चिकटवा आणि फोटो काढा. बरीच प्रकरणं लोकअदालतीत मिटतात, कारण रक्कम मालकाच्या दृष्टीनं लहान असते. त्याला कुणी नीट मागितलेलीच नसते.

१९. आमची जमीन १९७२ च्या धरणात गेली. पुनर्वसन अजून पूर्ण नाही. या सगळ्या पर्यटनात आम्हा धरणग्रस्तांचा काही हक्क लागतो का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण आता नातवंडं आहेत. सरळ उत्तर द्यायचं तर कायद्यानं दोन्हींचा संबंध नाही. व्हिलाच्या करातून किंवा पर्यटनातून धरणग्रस्तांना वाटा देणारी तरतूद नाही. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, आणि पवनेची जमीन त्याच्या आधीच घेतलेली. पवनेचा प्रश्न लोंबकळत राहण्यामागे हे एक मोठं कारण आहे. ज्यांच्या खाचरांवर हे पाणी उभं आहे त्यांना त्या पाण्याच्या दृश्यातून काहीच मिळू नये, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते ग्रामसभेतही बोलतो. पवनेच्या पाण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाण्यावरचा हक्क आपल्याकडे पुस्तकातला विषय नाही.

हातात करण्यासारखं हे आहे. संपादनाचा निवाडा, त्या वेळचा सातबारा आणि फेरफार यांच्या नकला काढा. घरात कागद नसले तरी भूसंपादन आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेखात असतात. वारसनोंद अडली असेल तर आधी ती पूर्ण करा. प्रकल्पग्रस्त दाखला नसेल तर जिल्हा पुनर्वसन कार्यालयात अर्ज करा. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि दाखला कुटुंबातल्या एकाच्याच नावावर वापरता येतो, म्हणून तो कुणाच्या नावावर घ्यायचा हे घरात बसून, बहिणींनाही विचारून, आधी ठरवा.